ट्रिटियम थायमिडिनचे काउंट्स आणि कॉलन्यांचे आकडे जुळत नाहीत: चूक मोजणीत की प्रयोगात?

प्रश्न: पेशीजाल (हे आणि खालच्या उत्तरांवरची नावं चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं आहेत)

हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) गॅमा किरणांचा परिणाम दोन पद्धतींनी मोजायचा आहे. उत्तरं इतकी वेगळी येतात की कुठली धरावी तेच कळत नाही. सगळा तपशील देतो.

किरण: सिझियम-१३७ चा बंद इरॅडिएटर, आत फिरती तबकडी. डोस ०, २, ४, ६, ८ ग्रे (शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक). डोसरेट मिनिटाला ०.९ ग्रे धरला आहे. तो मशीन बसवतानाच्या तक्त्यातला, तक्ता चार वर्षांपूर्वीचा.

थायमिडिन (डीएनएचा घटक; त्यातल्या किरणोत्सारी ट्रिटियमवरून नवा डीएनए किती बनला ते कळतं): २४ खळग्यांची प्लेट, १ मिली मीडियम. किरण दिल्यानंतर २४ तासांनी मिथाइल-ट्रिटियम थायमिडिन, मिलीला ३७ किलोबेक्वेरेल (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय), १८ तास. मग थंड ५ टक्के टीसीएने (ट्रायक्लोरोअसेटिक आम्ल) तीनदा आणि इथेनॉलने एकदा धुऊन, अर्धा मिली ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून, सगळं १० मिली कॉकटेलमध्ये (बीटा कण आदळला की चमकणारं सिंटिलेशन द्रव). लगेच ० ते १८.६ केईव्हीच्या खिडकीत, म्हणजे ऊर्जेच्या पट्ट्यात, मोजणी. शेवटी कंट्रोलच्या (० ग्रे) खळग्यात साधारण एक लाख पेशी असतात.

कॉलन्या: १२ दिवस वाढवून क्रिस्टल व्हायोलेट. ५० किंवा जास्त पेशींचा पुंजका म्हणजे एक कॉलनी. प्लेटिंग एफिशियन्सी (किरण न देता पेरलेल्यांपैकी कॉलनी करणाऱ्या पेशी) ६० टक्क्यांच्या आसपास.

अडचणी तीन:

१. थायमिडिननुसार ४ ग्रेला कंट्रोलच्या ७८ टक्के, ८ ग्रेला ५५ टक्के. कॉलन्यांनुसार ३१ आणि ५ टक्के.

२. कंट्रोलची व्हायल संध्याकाळी ३८,००० सीपीएम (मिनिटाला काउंट्स) देते. तीच व्हायल हात न लावता सकाळी २०,५०० देते. वरचे टक्के संध्याकाळच्या वाचनाचे आहेत.

३. कॉलन्यांच्या दुसऱ्या बॅचमध्ये ४ ग्रेला ४५ आणि ८ ग्रेला १३ टक्के आले. पहिल्या बॅचमध्ये पेशी पेरून पाच तासांनी, डिशला चिकटलेल्या असताना किरण दिले होते. दुसऱ्यात ट्रिप्सिनने सोडवून, ट्यूबमध्ये किरण देऊन मग पेरल्या.

---

अर्धायुष्य

दुसरी अडचण आधी सोडवा, कारण पहिलीचा मोठा वाटा तिच्यातच दडला आहे.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. एका रात्रीत काउंट्स निम्मे होणं शक्य नाही. तुमच्या व्हायलमध्ये चाललेली आहे ती केमिल्युमिनेसन्स, म्हणजे रासायनिक दीप्ती. अल्कली आणि कॉकटेल एकत्र आले की रासायनिक क्रियेतून सुटेसुटे फोटॉन बाहेर पडतात. काउंटरमध्ये दोन फोटोमल्टिप्लायर समोरासमोर असतात आणि दोघांनी एकाच क्षणी झमक पाहिली तरच ती मोजली जाते, त्यामुळे एकेकटे फोटॉन एरवी गळून पडतात. पण त्यांची संख्या फार झाली की योगायोगाने दोन्ही नळ्यांत एकदम पल्स येऊ लागतात. योगायोगाचा दर = २ × विभेदनकाल × पहिल्या नळीचा दर × दुसऱ्या नळीचा दर. विभेदनकाल (ज्या अवधीतले दोन पल्स एकाच क्षणाचे धरले जातात तो) २० नॅनोसेकंद धरला, तर तुमचे जादाचे १७,५०० सीपीएम यायला प्रत्येक नळीत सेकंदाला साधारण ८५,००० पल्स पुरतात. दर गुणाकाराने येतो, म्हणून प्रकाश निम्मा झाला की खोटे काउंट्स चौथाईवर येतात. सकाळपर्यंत सगळं शांत दिसतं ते त्यामुळेच.

खात्री करायची तर पेशी नसलेली एक व्हायल करा: अर्धा मिली अल्कली आणि १० मिली कॉकटेल. ती संध्याकाळी हजारो सीपीएम देत असेल तर शंका मिटली. काउंटरमध्ये एकल-फोटॉन टक्केवारी दाखवायची सोय असेल तर तीही चालू करा.

उपाय: अर्धा मिली ०.३ मोलर म्हणजे १५० मायक्रोमोल अल्कली. तेवढंच आम्ल घाला, म्हणजे १ मोलर हायड्रोक्लोरिकचे १५० मायक्रोलिटर, आणि तेही कॉकटेल ओतण्याआधी. जास्त आम्ल पडलं तर डीएनए पुन्हा साक्याच्या रूपात खाली बसतो आणि ट्रिटियमचे बीटा त्या साक्यातच अडकतात. त्यामुळे एका फुकट नमुन्यावर पीएच-पट्टी लावून प्रमाण आधी ठरवून घ्या. हात सैल असेल तर असेटिक आम्ल बरं, थोडं जास्त पडलं तरी पीएच एकदम कोसळत नाही. नंतर निदान तासभर अंधारात ठेवा. ट्यूबलाइटखाली कॉकटेल ओतल्यावर जी प्रकाशदीप्ती येते ती काही मिनिटांत ओसरते, पण रासायनिक दीप्ती तासन्‌तास टिकते. दोन्हींना एकच नियम लावू नका.

काउंट्स घसरण्याचं दुसरं कारणही तपासा. तुमचा काउंटर थंड कप्प्याचा असेल तर खोलीच्या तापमानाला एकजीव दिसणारं मिश्रण आत गेल्यावर दोन थरांत फुटू शकतं, विशेषतः मिठाचं प्रमाण जास्त असेल तर. फरक ओळखायला सोपा: थर फुटत असतील तर पेशी नसलेली व्हायल शांत राहते आणि क्वेंचचा (कॉकटेलमधला प्रकाश दबण्याचा) निर्देशांक वेडावाकडा हलतो. व्हायल बाहेर काढून उजेडासमोर धरा, गढूळपणा डोळ्यांनाच दिसेल.

आता टक्क्यांकडे. दीप्तीचे हे १७,५०० सीपीएम साधारण प्रत्येक व्हायलमध्ये सारखेच मिसळले असणार, कारण अल्कली सगळीकडे सारखी होती. वजा करून बघा:

कंट्रोल: ३८,००० − १७,५०० = २०,५००
४ ग्रे: २९,६०० − १७,५०० = १२,१००, म्हणजे ५९ टक्के
८ ग्रे: २०,९०० − १७,५०० = ३,४००, म्हणजे १७ टक्के

५५ टक्के वाटत होते ते १७ आहेत. सगळीकडे सारखी भर पडली की वक्र सपाट होतो, आणि त्याची सर्वांत मोठी झळ सर्वांत कमी काउंट्सच्या नमुन्याला बसते. अर्थात हा अंदाजच. अहवालात हे आकडे टाकू नका, नव्याने मोजा.

---

छाननी

अल्कलीची भानगडच कशाला? पेशी सेल हार्व्हेस्टरने ग्लास फायबर फिल्टरवर घ्या, टीसीएने धुवा, वाळवा आणि फिल्टर सरळ कॉकटेलमध्ये टाका. दीप्ती नाही, आम्ल नाही, वेळ वाचतो. ९६ खळग्यांच्या लिम्फोसाइट चाचण्या सर्रास अशाच होतात.

---

अर्धायुष्य

तुलनात्मक चाचणीला चालतं, पण डीपीएम (मिनिटाला प्रत्यक्ष होणारे क्षय) हवे असतील तर फिल्टर फसवतो. ट्रिटियमच्या बीटाची सरासरी ऊर्जा ५.७ केईव्ही. पाण्यात त्याची सरासरी झेप अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, आणि सर्वांत जोरकस १८.६ केईव्हीचा कणही ६ मायक्रोमीटरच्या पुढे जात नाही. तंतूंवर वाळलेल्या डीएनएच्या थरातून बराचसा बीटा बाहेरच पडत नाही. काउंटरला हे कळत नाही, हीच खरी गोची. क्वेंच मोजायला यंत्र बेरियम-१३३ किंवा युरोपियम-१५२ सारखा बाहेरचा गॅमा स्रोत व्हायलजवळ आणतं. त्याने उठवलेले कॉम्प्टन इलेक्ट्रॉन कॉकटेलमध्ये फिरतात, फिल्टरच्या तंतूंत नव्हे. त्यामुळे द्रावण स्वच्छ असल्याचा निर्वाळा मिळतो, छापील एफिशियन्सी (क्षयांपैकी किती मोजले गेले ते) ऐटीत येते आणि प्रत्यक्षातली तिच्या बरीच खाली असते. शिवाय ८ ग्रेच्या नमुन्यात पेशी कमी, म्हणजे थर पातळ, म्हणजे आत्मशोषण कमी. एकाच प्रयोगात एफिशियन्सी डोसबरोबर बदलते. कार्बन-१४ ला (सर्वाधिक १५६ केईव्ही) हा त्रास फार कमी, फॉस्फरस-३२ ला जवळपास नाहीच.

द्रावणातच ठेवायचं असेल तर एफिशियन्सी आतल्या मानकाने एकदा काढा. मोजून झालेल्या व्हायलमध्ये माहितीतलं, आजच्या तारखेला क्षय-दुरुस्त केलेलं ट्रिटियम पाणी घाला, साधारण १,००,००० डीपीएम, ५० मायक्रोलिटरपेक्षा कमी आकारमानात. पुन्हा मोजा. वाढलेले सीपीएम भागिले घातलेले डीपीएम म्हणजे एफिशियन्सी. मानक ट्रिटियम टोल्यूइनचं घेऊ नका. तुमचा नमुना कॉकटेलमधल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत आहे, टोल्यूइन बाहेरच्या तेलकट भागात जाऊन बसतं आणि आकडा फुगतो. प्रमाणपत्र वर्षभर जुनं असेल तर साडेपाच टक्के कमी झालेले असतात, तेही विसरू नका.

---

द्विगुणन

पहिल्या अडचणीचा उरलेला भाग. ५९ आणि १७ सुद्धा ३१ आणि ५ शी जुळत नाहीत, आणि जुळायला नकोतच. दोन्ही चाचण्या वेगळ्या गोष्टी मोजतात.

पक आणि मार्कस यांनी १९५६ साली हेला पेशींवरच कॉलनीची पद्धत वापरून सस्तन प्राण्यांच्या पेशींचा किरणांसाठीचा पहिला सर्व्हायव्हल वक्र (कुठल्या डोसला किती पेशी जगतात त्याचा आलेख) काढला. त्या पद्धतीत मेलेली पेशी म्हणजे विभाजनाची क्षमता कायमची गमावलेली पेशी. अशी पेशी दुसऱ्या दिवशी अगदी टवटवीत असू शकते. खाते, प्रथिनं बनवते, डीएनएही बनवते. एक, दोन, तीन विभाजनं पार पाडते आणि मग तुटक्या गुणसूत्रांचा गुंता मायटोसिसमध्ये (पेशी विभागताना) सुटत नाही म्हणून अडते. काही तर विभाजन न करताच डीएनए दुप्पट-चौपट करत राक्षसी पेशी होतात. १२ दिवसांनी तिथे १०-२० पेशींचा केविलवाणा पुंजका दिसतो, म्हणून तर ५० ची अट. थायमिडिनने तुम्ही २४ ते ४२ तासांच्या खिडकीत डोकावता, तेव्हा हे सगळे ‘मृत’ अजून हजेरी लावत असतात.

उलट दिशेनेही चूक होते. किरणांनंतर पेशी जी-२ मध्ये (विभाजनाच्या आधीचा टप्पा) थांबतात, ढोबळमानाने दर ग्रेला एक ते दोन तास. ८ ग्रेच्या पेशींची फेरी कंट्रोलच्या मागे पडते आणि तुमच्या खिडकीत एस टप्प्यात (डीएनए बनण्याचा टप्पा) किती जण सापडतात ते त्या उशिरावर ठरतं. शिवाय तुम्ही काउंट्स प्रति खळगा घेता. खळग्यात पेशीच कमी असतील तर प्रत्येकीचं संश्लेषण पूर्ववत असूनही आकडा पडेल. शेजारी एक थंड, म्हणजे ट्रिटियम नसलेला खळगा ठेवून पेशी मोजा आणि काउंट्सना त्याने भागा. तोवर त्या १७ टक्क्यांचा अर्थ लावायला जाऊ नका.

म्हणजे थायमिडिन निरुपयोगी आहे असं नाही. एस टप्प्यातला अडथळा बघायचा असेल तर किरणांनंतर पहिल्या एक-दोन तासांत छोटा पल्स (थोडाच वेळ ट्रिटियम थायमिडिन) द्यावा, तिथे ही चाचणी झकास आहे. सर्व्हायव्हल मात्र कॉलन्यांनीच ठरवा.

कॉलन्यांसाठी पेरणीचा हिशोब. तुमच्या पहिल्या बॅचमधून अल्फा साधारण ०.२१ प्रति ग्रे आणि बीटा ०.०२ प्रति ग्रे वर्ग निघतात (सर्व्हायव्हलचा नैसर्गिक लॉग = −अल्फा × डोस − बीटा × डोसचा वर्ग). प्लेटिंग एफिशियन्सी ०.६ धरून डिशमागे ८० कॉलन्या हव्या असतील तर:

० ग्रे: १३० पेशी
२ ग्रे: २२०
४ ग्रे: ४३०
६ ग्रे: ९७०
८ ग्रे: २,५६०

प्रत्येक डोसला तीन डिश, आणि पेरणीचा आकडा निम्मा केलेल्या आणखी तीन. निम्म्या पेरणीत निम्म्या कॉलन्या यायला हव्यात. तसं झालं नाही तर दाटी किंवा मेलेल्या पेशींचा प्रभाव आहे असं समजा. मेलेल्या पेशी सोबतिणींना पोषक द्रव्यं पुरवतात, त्यामुळे ८ ग्रेच्या दाट डिशमध्ये एफिशियन्सी खोटी वाढते. पक्का उपाय म्हणजे जास्त डोस देऊन निर्जीव केलेल्या फीडर पेशी सगळ्या डिशमध्ये घालून एकूण संख्या सारखी ठेवणं. पाच तास चिकटू दिलंत ते बरोबर. रात्रभर ठेवलं असतं तर हेला एकीच्या दोन झाल्या असत्या आणि दोघींपैकी एक जगली तरी कॉलनी मोजली गेली असती.

---

पेशीजाल

सर्वांचे आभार. करून पाहिलं:

पेशी नसलेली अल्कली + कॉकटेल: संध्याकाळी १७,३०० सीपीएम, सकाळी ९०. आम्लाने उदासीन करून दोन तास अंधारात ठेवलेली: २८.

उदासीन केलेला नवीन कंट्रोल: संध्याकाळी २०,७००, सकाळी २०,५००.

आतलं मानक: १,००,००० डीपीएम घातल्यावर २०,५०० चे ५४,५०० झाले. म्हणजे एफिशियन्सी ३४ टक्के आणि नमुन्यात साधारण ६०,३०० डीपीएम.

तिसऱ्या अडचणीबद्दल जास्तीची माहिती: ट्यूब १५ मिलीची शंक्वाकार, पेशी सेंट्रिफ्यूज करून थोड्या मीडियममध्ये तळाशी होत्या, ट्यूब कक्षाच्या तळावर तबकडीच्या मध्यभागी उभी. डिश ठेवताना नेहमीचा प्लास्टिकचा ठोकळा खाली असतो, ट्यूबला तो लावला नव्हता.

---

ग्रे-मापन

ठोकळ्याचा उल्लेख केलात ते बरं झालं.

दुसऱ्या बॅचचे आकडे पहिल्या बॅचच्या वक्रावर ठेवा. ४५ टक्के सर्व्हायव्हल त्या वक्रावर २.९५ ग्रेला येतं, १३ टक्के ६.१ ग्रेला. म्हणजे ४ च्या जागी २.९५ आणि ८ च्या जागी ६.१, दोन्हीकडे साधारण पाऊण. पेरणीत चूक झाली असती तर दोन्ही डोसना तोच गुणक निघायचं कारण नव्हतं.

एकसमान गुणकाची दोन कारणं असू शकतात: पेशींना डोसच कमी मिळाला, किंवा ऑक्सिजन कमी पडला. ट्यूबच्या तळाशी दाट बसलेल्या पेशी काही मिनिटांत भोवतालचा ऑक्सिजन संपवतात, आणि पूर्ण ऑक्सिजनहीन पेशींना तेवढाच परिणाम व्हायला अडीच ते तीन पट डोस लागतो. पण तुमच्या गठ्ठ्यात काही पेशी श्वास घेत असतील आणि काही नाही. समजा २० टक्के पेशी पूर्ण ऑक्सिजनहीन आहेत आणि गुणक २.८ आहे. मग ४ ग्रेला ३९ टक्के आणि ८ ग्रेला १३.५ टक्के आले असते. ८ ग्रेचा आकडा जुळतो, ४ ग्रेचा जुळत नाही. मिश्रण असलं की कमी डोसला फरक लहान दिसतो आणि डोस वाढेल तसा वाढत जातो. तुमच्याकडे तो दोन्हीकडे सारखा आहे, त्यामुळे माझा कौल जागेच्या चुकीला. अर्थात दोन बिंदूंवरून फाशी देऊ नये. २ आणि ६ ग्रेचे आकडेही याच हिशोबात घाला.

बंद इरॅडिएटरमध्ये स्रोत उभा असतो आणि डोस कक्षाच्या मध्यउंचीला सर्वांत जास्त, वर-खाली टोकांकडे घसरतो. तबकडीच्या फिरण्याने आडवा फरक पुसला जातो, उभा फरक जसाच्या तसा राहतो. तळाला टेकलेल्या ट्यूबचं निमुळतं टोक म्हणजे सर्वांत वाईट जागा.

काय करायचं:

पहिलं, गठ्ठा नको. मिलीला दोन ते पाच लाख पेशी, निदान ५ मिलीत, किरण देण्याआधी हलवून मोकळ्या करा, ट्यूब त्याच ठोकळ्यावर ठेवा.

दुसरं, तक्ता दुरुस्त करा. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांच्या जरा वर, वर्षाला सव्वादोन-अडीच टक्क्यांची घट. चार वर्षांत डोसरेट ०.९१ पट होतो, ०.९ चा ०.८२. तुमचे ४ ग्रे प्रत्यक्षात ३.६५ होते. दोन बॅचमधला फरक याने भरून निघत नाही, पण वर काढलेले अल्फा-बीटा या दुरुस्तीनंतर पुन्हा काढावे लागतील.

तिसरं, मोजा. तक्त्यावर कायम विसंबू नका. फ्रिके द्रावण कुठल्याही रसायन प्रयोगशाळेत बनतं: १ मिलिमोलर फेरस अमोनियम सल्फेट, १ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.४ मोलर सल्फ्युरिक आम्ल, शुद्धतम पाण्यात. किरणांनी फेरसचं फेरिक होतं, ते ३०४ नॅनोमीटरला १ सेंमीच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये मोजायचं (साधी काच इथे प्रकाश अडवते). २५ अंशांना डोस ग्रेमध्ये साधारण २८० × शोषणातली वाढ. म्हणजे ३० ग्रेला जेमतेम ०.१०७. यावरून लक्षात येईल की फ्रिकेने २ ग्रे मोजायला जाऊ नये, त्याची उपयुक्त मर्यादा साधारण २० ते ४०० ग्रे. तुमच्या डोसरेटला ४०, ८०, १२० मिनिटं ठेवा, डोस विरुद्ध वेळ असा आलेख काढा. उतार म्हणजे डोसरेट. रेषा शून्य वेळेला शून्यातून गेली नाही तर तेवढा डोस नमुना आत-बाहेर होताना मिळतो, आणि तो प्रत्येक वेळी तेवढाच मिळतो. २ ग्रेच्या नमुन्यात तो डोळ्यांत भरतो, ८ ग्रेला दुर्लक्ष करण्याजोगा.

फ्रिके बिघडतं ते बहुधा भांड्यामुळे. सेंद्रिय पदार्थाचा अंश असला की फेरिक जास्त बनतं आणि डोस फुगतो. द्रावणातलं मीठ त्यावर उतारा म्हणूनच असतं, पण भरवसा ठेवू नका. काचेच्या ट्यूब घ्या, साबणाने धुऊ नका, द्रावण त्यातच रात्रभर ठेवून किरण न देता शोषण वाढतं का बघा. वाचताना तापमान नोंदवा, दर अंशाला शोषण ०.७ टक्के सरकतं.

ट्यूबच्या टोकातला डोस बघायला फ्रिके पुरेसं बारीक नाही. तिथे रेडिओक्रोमिक (किरणांनी रंग बदलणाऱ्या) फिल्मची पट्टी पाण्याने भरलेल्या ट्यूबमध्ये उभी लावा, दुसऱ्या दिवशी स्कॅन करा, लाल चॅनेल वाचा, आणि सगळ्या पट्ट्या स्कॅनरवर एकाच दिशेने ठेवा. वर-खालचा उतार एका चित्रात दिसेल.

जाता जाता: सिंटिलेशन काउंटर इरॅडिएटरच्या भिंतीला लागून नाही ना? असेल तर स्रोत उघडा असताना बॅकग्राउंड वाढतं का ते पाहा.

---

बीटारेषा

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. तुमचं ट्रिटियम स्वतःच पेशींना डोस देत आहे.

तुमच्याच आकड्यांनी: ६०,३०० डीपीएम म्हणजे १,००५ बेक्वेरेल, एक लाख पेशींत. पेशीमागे ०.०१ बेक्वेरेल, आणि तोही थेट डीएनएत. केंद्रकाचा व्यास ८ मायक्रोमीटर धरला तर वस्तुमान २.७ × १०^−१३ किलो. एका क्षयाची सरासरी ऊर्जा ५.७ केईव्ही, म्हणजे ९.१ × १०^−१६ ज्यूल. कणाची झेप इतकी आखूड की बहुतेक ऊर्जा केंद्रकातच संपते. भागाकार केला की एका क्षयाला ३.४ मिलिग्रे.

१८ तास म्हणजे ६४,८०० सेकंद. ट्रिटियम हळूहळू साठत गेलं म्हणून सरासरी निम्मी धरा: ०.००५ × ६४,८०० = ३२४ क्षय. गुणिले ३.४ मिलिग्रे, म्हणजे साधारण १.१ ग्रे.

तुमच्या ‘० ग्रे’ कंट्रोलला मोजणी संपेपर्यंत एक ग्रेपेक्षा जास्त डोस मिळालेला असतो, आणि ट्रिटियमचा बीटा तेवढ्याच गॅमा डोसपेक्षा काहीसा जास्तच बोचतो. खळग्यातलं ट्रिटियम जास्तीत जास्त कंट्रोलमध्येच शिरतं, म्हणून त्याचंच संश्लेषण सर्वांत जास्त दबतं आणि वक्र पुन्हा सपाट होतो. दीप्ती काढून टाकली तरी हे उरतं.

तुलनेसाठी मीडियममध्ये मोकळं असलेलं थायमिडिन घ्या: मिलीला ३७ किलोबेक्वेरेल, तेवढेच १८ तास, तर डोस फक्त २.२ मिलिग्रे. तीच बाटली, पण जागा बदलल्यावर ५०० पट फरक. मीडियममधल्या सांद्रतेवरून ‘मात्रा नगण्य आहे’ असं जे लिहिलं जातं ते ट्रिटियम पाण्याला लागू पडतं, थायमिडिनला नाही.

उपाय सोपा आहे. साठा वेळेबरोबर सरळ वाढतो, म्हणून एकूण क्षय वेळेच्या वर्गाने वाढतात. १८ तासांचा १ तास केला तर काउंट्स १८ पट कमी, पण डोस ३२४ पट कमी, सरासरी ३.४ मिलिग्रे. एका तासात फक्त एस टप्प्यातल्या पेशीच ट्रिटियम घेतील, त्या एक तृतीयांश धरल्या तर त्यांना १० मिलिग्रे. तेवढं सोडून द्या.

साठ्याबद्दलही: बाटली साध्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. हळू गोठताना थायमिडिनचे रेणू एकत्र गोळा होतात आणि एकमेकांना आपल्याच बीटाने फोडतात. २ ते ४ अंशांवर, थोडं इथेनॉल असलेल्या द्रावणात ठेवा. फुटलेले तुकडे डीएनएत जात नाहीत आणि काउंट्स गूढपणे कमी होत जातात.

आणि सांडलं असेल ते गायगर काउंटरने शोधू नका. ट्रिटियमचा बीटा त्याच्या खिडकीतून आतच जात नाही, काटा शांत राहतो. १०० चौरस सेंमी जागा ओल्या फिल्टरकागदाने पुसून तो कागद सिंटिलेशन काउंटरला द्या. थायमिडिन अंगात गेलं तर डीएनएत बसतं, तेव्हा हातमोजे दुहेरी आणि वरचे वारंवार बदला.

---

पेशीजाल

एक तासाचा पल्स दिला तर काउंट्स पुरतील का? ८ ग्रेच्या नमुन्यात तर फारच कमी उरतील.

---

अर्धायुष्य

पुरतील. कंट्रोल २०,५०० ÷ १८, म्हणजे १,१४० सीपीएम. दहा मिनिटांत ११,४०० काउंट्स, त्याचं वर्गमूळ १०७, चूक ०.९ टक्के. ८ ग्रेला १७ टक्केच धरले तर १९४ सीपीएम निव्वळ, बॅकग्राउंड २५ धरून एकूण २१९. निव्वळ दराची चूक = (२१९ ÷ १० + २५ ÷ १०) चं वर्गमूळ, म्हणजे ४.९ सीपीएम, अडीच टक्के. खळग्या-खळग्यातला पिपेटिंगचा फरकच याहून मोठा असतो. म्हणून मोजणीचा वेळ वाढवत बसू नका, खळगे तीनाचे सहा करा.

शोधमर्यादा हवी असेल तर करी या संशोधकाचं १९६८ चं सूत्र लावा: २.७१ + ४.६५ × बॅकग्राउंड काउंट्सचं वर्गमूळ. दहा मिनिटांत २५० बॅकग्राउंड काउंट्स, म्हणजे ७६ काउंट्स, म्हणजे ७.६ सीपीएम, ३४ टक्क्यांनी भागून २२ डीपीएम. तुमचा सर्वांत फिका नमुना यापेक्षा पंचवीस पट वर आहे.

बॅकग्राउंडची व्हायल मात्र नुसत्या कॉकटेलची नको. पेशींच्या खळग्यात थायमिडिन घालून लगेच, शून्य मिनिटाला, टीसीए ओता आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच करा. धुण्यातून राहिलेलं मोकळं ट्रिटियम त्यातच दिसतं, आणि एक तासाच्या पल्समध्ये ते १८ तासांच्या मानाने काउंट्सचा बराच मोठा हिस्सा खातं. ती व्हायल १०० सीपीएमच्या वर गेली तर टीसीएची चौथी धुणी घाला, आणि टीसीएमध्ये थोडं थंड (ट्रिटियम नसलेलं) थायमिडिन मिसळा.